गव्हर्नरच्या सेवेत

राज्यपालांच्या अधिकारांवर मी स्पर्धा परीक्षेत चार वेळा उत्तर लिहिले आणि चारही वेळा माझ्यावाचून राज्यकारभार सुरळीत चालेल, असा निर्वाळा परीक्षकांनी दिला. वयोमर्यादा उलटली तेव्हा माझ्याजवळ राज्यशास्त्राची एम.ए. पदवी होती आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या थोरल्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये झोपायला एक दिवाण होता. दादाने तत्परतेने अनेक नोकऱ्या सुचवल्या; त्या सर्वांत कुणाशी तरी बोलावे लागत असे. मला अनोळखी माणसाशी बोलायचे तर आधी मनात वाक्य रचावे लागते आणि ते रचून होईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. यंत्रे इतकी घाईत नसावीत, असा माझा समज होता. म्हणून, ज्या वयात माझे वर्गमित्र जिल्हे सांभाळत होते त्या वयात, गाझियाबादच्या वेशीवर ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे मी शिकाऊ म्हणून रुजू झालो.

उस्ताद माझ्याहून पाच वर्षांनी लहान होते. अट त्यांनी पहिल्याच दिवशी घातली: तीन महिने बघायचे, मग एक गाडी एकट्याने दुरुस्त करायची. जमले तर राहायचे. "नहीं तो किताब उठाना और घर जाना." किताब म्हणजे पंपाचे जाडजूड मॅन्युअल. ते मी दर्यागंजच्या फुटपाथवर शोधून काढले होते आणि एव्हाना त्यातल्या महत्त्वाच्या ओळींखाली दोन रंगांत रेघाही ओढल्या होत्या.

घरी माझ्या पदाची घोषणा वहिनीने केली. "भावोजी सध्या काय करतात?" असे शेजारणीने विचारताच ती म्हणाली, "गव्हर्नरचं काम बघतात." हे अक्षरशः खरे होते. परंतु सरकारी वसाहतीत डिझेल पंपाला जोडलेला, इंजिनाची गती आवरणारा, गव्हर्नर नावाचा एखादा लोखंडी डबाही असू शकतो, ही कल्पना कुणाच्याच मनाला शिवण्यासारखी नव्हती. आठवडाभरात दोन अधिकाऱ्यांच्या पत्नींनी मला आपण होऊन नमस्कार केला.

"हे खोटं आहे, वहिनी," मी कसेबसे म्हणालो.

"यात खोटं काय? कुठल्या राज्याचे गव्हर्नर ते मी सांगितलंच नाही."

"सगळ्याच राज्यांचे," दादा वर्तमानपत्रातून म्हणाला. "ट्रकांच्या नंबरप्लेट बघ ना. बिल्कुल अखिल भारतीय सेवा आहे त्याची."

या गव्हर्नरचे अधिकार संविधानातल्या गव्हर्नरपेक्षा स्पष्ट होते. त्या काळच्या जुन्या ट्रकांत हवेवर चालणारा प्रकार असे. इंजिनाची गती वाढली की एका बारीक नळीतून हवा ओढली जाई, तिच्या ओढीने चामड्याचा एक पडदा मागे सरके आणि डिझेल कमी होई. गती उतरली की स्प्रिंग पडद्याला पुढे ढकली आणि डिझेल वाढे. देशात उदारीकरण नुकतेच सुरू झाले होते. सर्व लगाम सुटले की सर्वांचे कल्याण होईल, असे अर्थतज्ज्ञ रोज लिहीत होते आणि मी मात्र लगाम घट्ट करण्याची विद्या शिकत होतो. काळाच्या उलट दिशेने जाण्यात मी पूर्वीपासून वाकबगार आहे.

परीक्षेची गाडी मयूर विहारच्या नव्या फ्लॅट्ससाठी विटा वाहणारी होती. ड्रायव्हर हरियाणाचा, पन्नाशीचा. तक्रार एका वाक्याची: "खड़ी-खड़ी झूलती है." म्हणजे गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिनाचा आवाज आपोआप चढे, पडे, पुन्हा चढे.

"कलेक्टर साहब, आज यह आपकी," उस्ताद म्हणाले. मग पानाची पिंक टाकून पुढे म्हणाले, "पहले सुन."

मी ताबडतोब वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि सावधपणे उभा राहिलो. माझ्या संपूर्ण शिक्षणात 'ऐका' या शब्दानंतर व्याख्यानच आलेले होते. उस्तादांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते चहाला निघून गेले. उर्वरित भाग चहानंतर होईल, असे गृहीत धरून मी तसाच उभा राहिलो.

"क्या लिखोगे जी?" ड्रायव्हरने विचारले. "गाड़ी की कुंडली?"

पाच मिनिटांनी मी ग्रंथाला शरण गेलो. आवाज झुलत असेल तर अमुक स्क्रू आत घ्यावा, असे तिथे होते. खाली माझी लाल रेघही होती. पाव फेरा घेतला. अर्धा घेतला. आणखी पाऊण. झुलणे थांबले. त्या क्षणी मला जे वाटले ते निकालाच्या यादीत नाव सापडलेल्यांना वाटत असावे. मग ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबून सोडला आणि इंजिन वर गेले ते खाली येईना. ते उदारीकरणाच्या पूर्ण उत्साहात बोंबलत राहिले.

"ओ कलेक्टर, उड़ा दोगे क्या इसे!" ओरडत ड्रायव्हरने बंद करायची तार खेचली.

उस्ताद चहाचा ग्लास हातात घेऊन परतले. "सुना था?"

"जी, आपने तो कुछ बताया ही नहीं."

ड्रायव्हर हसता हसता मडगार्डला धरून खाली बसला. उस्ताद हसले नाहीत. ते मला अधिक लागले.

"मेरी नहीं," ते बॉनेटकडे बोट दाखवत म्हणाले. "इसकी सुन. आधा घंटा है. फिर किताब उठा लेना."

स्क्रूचे फेरे मी वहीत टिपले होते; तेवढ्यापुरते माझे शिक्षण उपयोगी पडले. तो होता तिथे परत आणला. इंजिन चालू केले. झुलणे परतले. यावेळी मॅन्युअल मिटून मी नुसता उभा राहिलो. उत्तर द्यायचे नव्हते, वाक्य रचायचे नव्हते. बऱ्याच वेळाने त्या चढउताराच्या खाली दुसरा एक बारीक आवाज सुरू असल्याचे जाणवले: कुणी बशीतून गरम चहा ओढावा तसा. वाकून त्याच्या मागे गेलो तर तो हवेच्या नळीच्या टोकाशी होता. तिथल्या रबरी जोडाला खालच्या बाजूने, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, चीर गेली होती. मी तिच्यावर अंगठा दाबला. इंजिन एकदम शहाण्यासारखे एका सुरात चालू लागले. अंगठा काढला, झुलले. पुन्हा दाबला.

"ओए," ड्रायव्हर म्हणाला, "अंगूठा साथ ले जाऊँ क्या?"

मी रबराचा नवा तुकडा बसवला, क्लिप आवळली. ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबून सोडला. इंजिन चढले आणि मुकाट्याने खाली आले. उस्तादांनी डोळे मिटून जरा वेळ ऐकले.

"कल से आठ बजे आना. नौ बजे नहीं."

"और किताब?" मी विचारले.

"रहने दे. उस टेबल का एक पाया छोटा है."

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्याच्या पत्नी भेटल्या. माझ्या काळ्या हातांकडे पाहणे त्यांनी सौजन्याने टाळले. "और, गवर्नर साहब कैसे हैं?"

"साँस उखड़ रही थी," मी म्हणालो. "नली बदल दी, अब ठीक हैं."

"शुक्र है भगवान का," त्या काळजीने म्हणाल्या. "इस उम्र में ध्यान रखना पड़ता है."

वहिनी दार उघडून उभी होती. तिने सगळे ऐकले होते. "म्हणजे ठेवून घेतलं?"

"आठ वाजता बोलावलंय," मी म्हणालो आणि हात धुवायला आत गेलो.