खंडेनवमीला दोन अ‍ॅम्प्लिफायर

मैत्रिणींनो, आज खंडेनवमी. आमच्या ह्यांनी पूजेला गिटार आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर मांडला. लग्नाआधीपासूनचा जुना मात्र भंगारात द्यायला दारात ठेवला.

"आगं, नव्यात बटण दाबलं की जुन्या काळचे सगळे आवाज निघत्यात. हा सत्तरचा, हा ऐंशीचा."

"आवं, मग तुमचा पंचविशीतला काढा की," मी म्हणाले.

सगळी बटणं दाबून झाली. आवाज छान होते, पण ह्यांचा त्यात नव्हता.

शेवटी जुना आत आणून लावला. आधी जुन्या रेडिओसारखा सावकाश तापला, मग तोच खरखरीत, भरदार आवाज घुमला. पंचविशीत सांगलीत रॉक वाजवणारे हे मला समोर दिसले.

तेवढ्यात भंगारवाला आला. हे वाजवता वाजवताच म्हणाले, "आज न्हाई गड्या, आन् उद्याबी न्हाई."

मी जुन्यालाही हळदकुंकू वाहिलं. तुमच्याकडं आज पूजेत काय काय मांडलंय?