लोकरबाईंची पृथ्वी

शाळेत त्यांना सगळे लोकरबाईच म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी पोरांना विणकाम शिकवलं. मग एका सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, त्यांना ऑफिसात बोलावलं.

"विणकामाचा तास बंद झाला. आता चौथीला विज्ञान शिकवा. गुरुवारी साहेब तपासणीला येतील. त्यांना पटलं तर राहाल, नाहीतर..."

आणि मोठ्या बाई पेपरवेट फिरवत बसल्या. लोकरबाईंचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घरात त्या आणि सासूबाई, आणि दोघींचं सगळं त्या एका पगारावर.

धडा होता, ऋतू का होतात. बाईंनी पुस्तक चारदा वाचलं. कळलं तेवढं कळलं. मग जे हाताला कळतं तेच घेतलं. पांढऱ्या लोकरीचा गोळा केला, त्यात विणायची सुई आरपार घातली आणि जरा कलती धरली. वरच्या अर्ध्या भागावर लाल बटण टाचलं, ते आपलं घर. टेबलावरचा दिवा झाला सूर्य. दिव्याच्या बुडाला दोन हात धागा बांधून दुसरं टोक मुठीत घेतलं, म्हणजे अंतर कमीजास्त व्हायला नको.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई विद्यार्थी होऊन बसल्या. टेबल भिंतीला लागलेलं, त्यामुळे बाई पुढच्या बाजूनंच इकडून तिकडे गेल्या.

"पलीकडे काय असतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पलीकडे भिंत आहे, आई."

"मग थंडी भिंतीत राहिली वाटतं."

बाई हसल्या आणि त्यांनी दिवा मालवला.

गुरुवारी साहेब मागच्या बाकावर बसले. त्या बुटक्या बाकात त्यांचे गुडघे छातीला लागत होते. एरवी बाईंना हसू आलं असतं. आज त्यांना फक्त साहेबांच्या हातातलं पेन दिसत होतं. पडदे ओढले, दिवा लावला.

"उन्हाळा का येतो?"

"सूर्य जवळ येतो म्हणून!" एक पोरगा ओरडला.

"हा धागा बघ. कुठं कमी झालाय का? तर ते नाही. सुई कशी कललीय ते बघ. बटण दिव्याकडे झुकलंय, उजेड सरळ अंगावर येतो. हा उन्हाळा." असं म्हणून बाई धागा ताणून, दिव्याकडे तोंड करून, दिव्याभोवती चालू लागल्या. अर्धी फेरी झाली. "आणि इथं आली थंडी."

पहिल्या बाकावर एक सर्दी झालेली मुलगी होती. तिनं बाहीनं नाक पुसलं.

"पण बाई, बटण अजून दिव्याकडेच आहे. मग थंडी कशी?"

बाईंनी खाली पाहिलं. खरंच की! आपण वळलो तशी सुईही वळत आली होती. त्यांच्या पृथ्वीवर बारा महिने उन्हाळाच! मागे पेन कागदावर खरखरलं. गेली नोकरी. आता सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात त्यांचे पाय आपोआप मागे निघाले. एकोणीस वर्षांची सवय ती, टाका चुकला की तिथपर्यंत उसवायचं. एक एक पाऊल मागे घेत त्या पहिल्या जागी आल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सुईचं वरचं टोक बघा. दिव्याच्या पलीकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे आहे. पृथ्वी कुठंही गेली तरी ते तिकडेच राहतं."

आता त्या घड्याळावरची नजर न काढता आडव्या आडव्या सरकू लागल्या, खेकड्यासारख्या. धागा पायात गुंतला, कंबर बाकावर आपटली, पोरं खिदळली. पण दिव्याच्या पलीकडे पोचून बाईंनी गोळा बाजूला धरला तेव्हा सुई तशीच घड्याळाकडे होती आणि दिव्याकडे पाठ फिरवल्यासारखी कललेली. गोळा सुईवर फिरवून बटण दिव्यासमोर आणलं, तर त्यावर उजेड तिरपा, चाटून जाईल एवढाच.

"थंडी!" ती मुलगी ओरडली आणि लगेच शिंकली.

तास संपल्यावर साहेब जवळ आले. "ती चूक मुद्दाम केलीत ना, मुलांना विचार करायला लावायला?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"नाही साहेब. घरी टेबल भिंतीला आहे. पूर्ण फेरी आज पहिल्यांदाच मारली."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. मग चार दिवस बाई निकालाची वाट बघत राहिल्या.

मंगळवारी मोठ्या बाईंनी शेरा वाचून दाखवला. "शिकवणे समाधानकारक. चूक मान्य करतात. चालताना बाकावर आपटतात. कायम ठेवावे."

लोकरबाई घरी गेल्या त्या आधी टेबलाकडे, आणि पदर खोचून ते भिंतीपासून ओढायला लागल्या.

"आता काय गं?" सासूबाई दचकल्या.

"पुढचा धडा ग्रहणाचा आहे, आई," त्या म्हणाल्या. "जरा त्या बाजूनं धरा."