केशरचा डावा माऊस

रामनगरच्या बसथांब्यामागं भिकाजीचा छापखाना होता. त्या छापखान्यात केशरनं अकरा वर्षं खिळे जुळवले. केशर गुंद गावची, रामनगरात मावशीकडं राहायची आणि पेरणी-लावणीला तेवढी गावी जायची. अंगानं काटकुळी, बोलणं कमी, आणि राग असा की चहावाला तिच्यासमोर कप ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नसे.

ती डावखुरी होती. लहानपणी डाव्या हातानं भात वाढला की आई पळीनं मनगटावर मारायची. शाळेत मास्तर तो हात पाठीमागं धरून उभं राहायला लावायचे. लावणीला बायका चिखलात रांगेनं वाकायच्या. केशर रोपांची मूठ उजव्या हातात धरायची आणि डाव्यानं लावायची, तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं. मग कुणीतरी म्हणायचं, केशर, तू कडेला हो. दोन-तीन वर्षांनी कुणाला म्हणावंही लागेना. शेतात उतरली की ती आपणहून जाऊन रांगेच्या टोकाला उभी राहायची, दात आवळून.

चौऱ्याण्णव साली भिकाजीनं खिळे भंगारात घातले आणि बेळगावहून कॉम्प्युटर आणला. महिन्याभरात केशर त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही पत्रिका करू लागली. वेलबुट्टीची चौकट, वर गणपती, दोन्ही अंगांना केळीचे खुंट. सगळं माऊसनं.

पण माऊस उजव्या हाताच्या लोकांचा. डाव्या हातात धरला की पहिलं बोट नको त्या बटणावर पडे. ते दाबलं गेलं की अर्धा काढलेला वेल पुसला जाई. बटणांची अदलाबदल करणारा एक हुकूम होता. तो रोज सकाळी टाइप करावा लागे. मशीन सुरू झालं की पत्रिकेचा प्रोग्राम आपोआप उघडायचा. केशर तो बंद करायची, काळ्या पडद्यावर हुकूम द्यायची, आणि पुन्हा प्रोग्राम उघडायची. मशीन म्हातारं, या सगळ्याला पाव तास जाई. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि वीज दिवसातून तीनदा जाई.

भिकाजीचा पुतण्या परशू दुपारी तासभर पावत्या करायला त्याच मशीनवर बसायचा. तो हे बघून हसायचा. अक्का, रोज सकाळी मशीनची दृष्ट काढतीस काय, असं चारचौघांत विचारायचा.

शेवटी बेळगावचा दुरुस्तीवाला आला तेव्हा त्यानं तिला एक फाईल दाखवली. मशीन जागं झालं की आधी ती फाईल वाचतं, वरून खाली, एकेक ओळ, आणि लिहिलंय तसं करतं. रोजचा हुकूम हिच्यात लिही, म्हणाला, म्हणजे तो तुझ्याआधी कामाला लागंल. तो बस पकडायला निघून गेल्यावर केशरनं जपून ती ओळ लिहिली, दोनदा वाचली, आणि मशीन बंद करून घरी गेली. त्या संध्याकाळी मावशीनं तिला गुणगुणताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंदचा झिलू मुलीच्या लग्नाची पत्रिका बघायला बाकावर येऊन बसला होता. केशरनं मशीन लावलं, माऊस डाव्या हातात घेतला, बटण दाबलं. गणपती पुसला गेला.

तिनं मागं वळून बघितलं. परशू दारात उभा होता. छापखान्याची किल्ली त्याच्याकडंच असायची.

"माझी ओळ तू पुसलीस."

"म्या फाईल बघितलीबी न्हाई, अक्का."

ती मग थांबलीच नाही. गेल्या वर्षभरातली त्याची एकेक थट्टा तिनं तारखेसकट त्याच्यापुढं मांडली. रस्त्यावरची माणसं डोकावू लागली. भिकाजी आतून शाईचे हात पुसत आला. त्याचं बोलणं थंड होतं. लग्नाचे दिवस, दारात गिऱ्हाईक, आणि रोज सकाळी या माऊसचं सोंग. उजव्या हातानं जमत नसेल तर सोमवारपासून परशू मशीनवर बसेल. केशरनं मागं पत्रिकांच्या घड्या घालाव्यात.

अकरा वर्षं खिळे जुळवले, आणि आता घड्या. केशरचे कान तापले. पुसलेली जागा सगळ्यांना दाखवते म्हणून तिनं तरातरा फाईल उघडली.

ओळ तिथंच होती. अक्षर न् अक्षर, तिनं लिहिली तशी. सगळ्यात खाली.

परशू हसला नाही, आणि ते तिला जास्त लागलं. ती वरून खाली वाचत आली, मशीन वाचतं तशी. तिच्या ओळीच्या वरची ओळ पत्रिकेचा प्रोग्राम उघडायची होती. मशीन तिथवर येत होतं, प्रोग्राममध्ये शिरत होतं, आणि तिथंच राहत होतं. खाली कुणी वाट बघतंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

खाली लिही, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. फाईल उघडली तेव्हा ती आपणहून टोकाला गेली होती.

आता जो राग आला त्याला समोर कुणी माणूस नव्हता. आई नव्हती, मास्तर नव्हते, परशू तर नव्हताच. तिनं खालची ओळ खोडली आणि वर, प्रोग्रामच्या आधी, नव्यानं लिहिली. प्रत्येक अक्षराला कळफलक खटखट वाजत होता. मशीन बंद केलं, चालू केलं. पडद्यावर फाईलीतली अक्षरं एकेक करून सरकली, प्रोग्राम उघडला. तिनं डाव्या हातानं बटण दाबलं, गणपती उचलला आणि पत्रिकेच्या माथ्यावर नेऊन ठेवला.

"तू पुसली न्हाईस," ती परशूकडं न बघता म्हणाली. "ती चूक माझी. थट्टा मातर तुझीच हाय, ती म्या माघारी घेणार न्हाई."

परशूनं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, दुपारी पावत्या करायच्या तर बटणं उलटीच राहणार काय.

"व्हय. म्या दिवसभर बसते, तू तासभर. बटणं सुलटी करायचा हुकूम कागदावर लिहून देते. आता रोज तू टाइप कर."

भिकाजी काहीतरी म्हणणार होता. पण झिलू बाकावरून उठून पडद्यापाशी आला होता. गणपती झ्याक बसलाय, म्हणाला, दुपारच्या बसपतोर छापून द्या. भिकाजी कागद कापायला आत गेला. सोमवारी मशीनवर केशरच बसली.

आषाढात ती लावणीला गुंदला गेली. झिलूच्याच शेतात. बायका चिखलात उतरल्या, रांग लागली, आणि टोकाची जागा नेहमीसारखी तिच्यासाठी रिकामी राहिली. केशर रांगेच्या मध्यावर आली आणि झिलूच्या बायकोशेजारी, फुलाशेजारी, वाकली. दहाव्या रोपाला कोपराला कोपर लागलं. फुलानं मान वर करून टोकाकडं बघितलं, मग केशरकडं.

"म्या सरणार न्हाई," केशर म्हणाली, आणि पुढचं रोप डाव्या हातानं चिखलात खोवलं.

फुला थोडी पलीकडं सरली.