खणखणीत चोवीस प्लेट्स

चंद्रहास जेवायला बसला की आधी प्लेट उचलायचा, कडेवर टिचकी मारायचा आणि कान लावायचा. दुबईत ऊद मेथा भागातल्या एका हॉटेलात वेटरने त्याला विचारलं होतं, "चाचा, प्लेट में किसका फोन आया?" चंद्रहास हसला नाही. "क्रॅक है इसमें. दूसरी लाओ," एवढंच म्हणाला. मी प्लेट उजेडात फिरवून पाहिली, मला काहीच दिसलं नाही. पण त्याचं कधी चुकायचं नाही.

रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात त्याने एकतीस वर्षं माल तपासण्यात घालवली. मी तिथेच पॅकिंगला होतो. भट्टीतून आलेली प्लेट खणखणीत वाजली की माझ्याकडे यायची, बद्द वाजली की त्याच्या शेजारच्या लोखंडी पेटीत पडून फुटायची. दिवसभर तोच आवाज. बोलायचं झालं तर ओरडून बोलावं लागे, म्हणून आम्ही फारसं बोलायचोच नाही. आमची मैत्री तशीच झाली, न बोलता.

त्याची बायको कुमुद सहा वर्षांपूर्वी गेली. रिटायर झाल्यावर तो मुलीच्या, पर्णिकाच्या, व्हिसावर राहू लागला. ती इथल्या फ्री झोनमध्ये नोकरीला. तिथेच तिला हेनिंग भेटला. ब्रेमेनचा जर्मन मुलगा, उंच, फार सभ्य. लग्न ठरलं आणि लग्नानंतर दोघं ब्रेमेनला जाणार हेही ठरलं. ती गेली की चंद्रहासचा इथला व्हिसाही संपणार होता. मग त्याचं काय, हे कुणी बोललं नाही. दोष कुणाचा म्हणू? "रिटायर झालो की खलास, कुडाळला जाऊन झाडाखाली बसणार," असं तो स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आला होता. पोरीने ते खरं धरलं. कुडाळच्या घराला रंगसुद्धा लावून घेतला.

"मला नाही जायचं रे कुडाळला," तो मला एकदा म्हणाला. "तिथे आता आहे कोण?"

"मग सांग तिला."

"सांगतो. चांगला दिवस बघून सांगतो."

चांगला दिवस त्याने शोधला तो असा. लग्न रविवारी होतं. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी हेनिंगच्या व्हिलात त्यांचा पोल्टरआबेंड होता. म्हणजे लग्नाआधी पाहुण्यांनी घरातली जुनी चिनी मातीची भांडी आणायची आणि दारात आपटून फोडायची. त्या आवाजाने वाईट ते पळतं म्हणतात. काच मात्र फोडायची नाही, ते अशुभ.

"आपल्याकडे लग्नघरात कप फुटला तरी बायकांचे चेहरे उतरतात," मी म्हणालो.

"आपण त्यांच्याकडे चाललोय," चंद्रहास म्हणाला. "रिकाम्या हाताने कसं जायचं?"

कारखान्याच्या दुकानात आम्ही दोन तास होतो. कोपऱ्यात रिजेक्ट मालाचा ढीग पडला होता. पण तो गेला पहिल्या दर्जाच्या मालाकडे. एकेक प्लेट उचलायची, टिचकी, कान. चोवीस निवडल्या.

"अरे फोडायच्याच आहेत ना?"

"फोडायच्या असल्या म्हणून काय झालं? मुलीच्या लग्नात बद्द वाजणारी वस्तू नेऊ?"

गाडीत खोका मांडीवर धरून तो म्हणाला, "आज विचारतो तिला. मलाही न्याल का म्हणून."

व्हिलाच्या अंगणात तीसेक माणसं होती. कुणी कान तुटलेले कप आणले होते, कुणी टवका उडालेली सूपची भांडी. हेनिंगच्या आईने चंद्रहासचा खोका उघडला, एक प्लेट हातात घेतली, उलटून पाहिली आणि हळूच परत ठेवली. "नो, नो, टू ब्यूटिफुल," ती म्हणाली. खोका खिडकीखाली गेला तो तिथेच राहिला. त्याच्या हातात तिने चिनी मातीची एक जुनी किटली दिली. त्याने सवयीने टिचकी मारली, बद्द. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्याने ती सहज टाकून फोडली. एकतीस वर्षं तेच तर केलं होतं.

मग फुटत गेलं ते फुटतच गेलं. पर्णिका लहान मुलीसारखी ओरडत होती. अंगणभर ठिकऱ्या झाल्या तेव्हा तिने आणि हेनिंगने झाडू घेतले. चंद्रहास ताडकन उठला. ठिकऱ्या कशा ओढायच्या, कुठे टोचतात, हे त्याच्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं? त्याने पर्णिकाच्या हातातला झाडू धरला.

"सोड, पायाला लागेल तुझ्या. मी करतो."

"नो, बाबा." ती हसत होती. "हे आम्ही दोघांनीच झाडायचं असतं. दॅट्स द होल पॉइंट. कुणी मदत करायची नाही."

त्याने झाडू लगेच सोडला नाही. क्षणभर दोघांचेही हात दांड्यावर होते. मग त्याने सोडला आणि बाजूला झाला. कुणीतरी गोळा केलेला ढीग पायाने पुन्हा उधळला, तीही गंमतच असते म्हणे. दोघं हसत पुन्हा पहिल्यापासून झाडू लागली. चंद्रहास भिंतीला टेकून बघत राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसल्यासारखं दिसत होतं.

निघताना हेनिंगच्या आईने खोका आग्रहाने परत दिला. गाडीत मी विचारलं, "बोललास?"

"नाही."

"का रे?"

"किती मन लावून झाडत होती दोघं," तो म्हणाला. आणि नंतर, "छान झाडत होती."

रविवारी लग्न झालं. पर्णिका ब्रेमेनला गेली आणि मार्चमध्ये चंद्रहास कुडाळला. मी मुलाच्या व्हिसावर इथेच आहे. त्याला विमानतळावर सोडलं त्या दिवशी तो खोका माझ्याकडे ठेवून गेला. सामानात फुटतील म्हणाला.

पर्णिका दर रविवारी त्याला फोन करते. मीही करतो. झाडाखाली बसलास का विचारलं की म्हणतो, ऊन फार आहे.

मी त्या खोक्यातल्याच प्लेटमध्ये जेवतो. जेवायच्या आधी टिचकी मारतो आणि कान लावतो. चांगली आहे की चीर पडली, मला अजून ओळखता येत नाही. मग तशीच जेवायला घेतो.