बाळंतिणीचे डोळे

सिस्टरने दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, आणि दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. एकशे सत्तर, एकशे दहा. मला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि आम्ही चेन्नईत अड्यारच्या हॉस्पिटलात आलो होतो ते बाळाचं वजन करायला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया. म्हणजे बाळंतपणानंतर रक्तदाब एकदम चढतो. वेळीच उतरवला नाही तर फिट येते, जीवही जाऊ शकतो. हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं.

डोकं चार दिवस ठणकत होतं. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या आईचं निदान तयार होतं, कानात वारं गेलं. चेन्नईच्या मे महिन्यात तिने माझ्या कानांवर फडकं आवळलं आणि पंखा बंद केला. माझा नवरा मंदार सकाळीच इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात पळायचा. सुटला बिचारा.

एक गोष्ट मात्र मी आईपासून लपवली होती. दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात, असं आई पहिल्या दिवसापासून बजावत होती, आणि मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. काजवे दिसले तेव्हा वाटलं, भोगा आता. ते सांगितलं असतं तर रडणंही उघडं पडलं असतं. इंजिनियर असून मी हे खरं मानलं, याची आजही लाज वाटते.

सिस्टर कलैसेल्वींच्या हातात फॉर्म होता. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का? माझ्याआधी आईच उत्तर देई, "नो प्रॉब्लेम, सिस्टर." शेवटी त्यांनी बाळ आईच्या हातात दिलं.

"अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसा."

दार लावून त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, सावकाश, सोप्या इंग्रजीत. मग विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण बाळ नकोसं वाटतं." एवढं बोलल्यावर काजव्यांचंही सांगून टाकलं. त्यांनी पेन ठेवलं आणि बीपीचा पट्टा उचलला.

लगेच दाखल केलं. मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. ते फिट येऊ नये म्हणून देतात आणि अंगाची नुसती आग होते. आकडा उतरेना. मी मेले तर 'बाळ नकोसं' हेच माझं शेवटचं बोलणं ठरेल, या भीतीने मी गारठले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा उतरला. मनासाठी वेगळ्या डॉक्टर आल्या, त्यांचं औषध बरेच महिने चाललं. तुमच्या घरी बाळंतीण असेल तर तिला एकटीला गाठून विचारा. सगळ्यांसमोर ती 'बरी आहे' असंच म्हणेल.

काजवे रडण्याने नव्हे, बीपीने दिसतात, हे सिस्टरनीच आईला समजावलं. आईने माझ्या कानांवरचं फडकं सोडलं आणि त्यानेच माझं तोंड पुसलं.

"रड," ती म्हणाली. "बाळाला मी बघते."