कॉल तुटला नाही

मी मोबाइल कंपनीची व्हॅन चालवतो. गाडीत काचेजवळ चार फोन ओळीने बसवलेले असतात आणि त्यांच्याकडे बघायला एक माणूस असतो. नऊ वर्षं तो एकच माणूस माझ्या शेजारी बसला. ऑफिसात त्यांना सगळे रेंजसाहेब म्हणत. साहेब वगैरे काही नव्हते ते. हाताखाली माणूस म्हणाल तर मी एकटा, आणि मीही त्यांचं फारसं ऐकत नसे.

काम एवढंच की कुठे रेंज येते आणि कुठे जाते, हे बघत फिरायचं. आमचं जाळं सगळीकडे आहे असं कंपनी जाहिरातीत छातीठोकपणे सांगते. ते खरं आहे की नाही, हे गल्लीबोळ पालथे घालून आम्ही बघायचं. रेंज असेल तिथे नकाशावर हिरवा ठिपका, अर्धवट असेल तिथे पिवळा, नसेल तिथे लाल. साहेब म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. लालला कधी पिवळा म्हटलं नाही, म्हणून वरच्या हुद्द्यावर गेले नाहीत. लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." जशी एखादी चिठ्ठी टाकायची राहून जाते, तसं. आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीत रेंज नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथे पाहिला. संध्याकाळी त्यांना खोलीवर सोडलं की सकाळपर्यंत हा माणूस जगाच्या बाहेर.

आमच्या कामात लांब कॉल नावाचा एक प्रकार आहे. सकाळी दोन नंबरच्या फोनवरून कॉल लावायचा आणि दुपारपर्यंत तो ठेवायचाच नाही. गाडी पुलाखालून जाते, उंच इमारतींच्या मागे जाते, गावाबाहेर जाते. कॉल कुठे तुटतो, आवाज कुठे अडखळतो, ते वहीत लिहायचं. दुसऱ्या टोकाला ऑफिसातलं एक यंत्र असतं. ते फोन उचलतं आणि एकसारखं "टूंऽऽ" करत राहतं. मी नोकरीला लागायच्या आधी कधीतरी ते यंत्र बिघडलं. साहेबांनी वेळ मारून न्यायला आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. यंत्र चार दिवसांत दुरुस्त झालं. साहेब काही पुन्हा त्याच्याकडे वळले नाहीत.

ताई दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहायची. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची, पायाच्या मशीनवर. साडेनऊला फोन उचलायची, स्पीकर लावून दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मशीनवर बसायची. मग आमच्या गाडीत खटखट सुरू व्हायची. चाचणीला हा आवाज यंत्राच्या टूंपेक्षा सरस होता. खटखटीत एवढीशी फट पडली की साहेबांचं पेन वहीवर.

बोलणं मात्र नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही.

"छोट्या, आज खिसे लावतेय."

"बरं."

यानंतर चाळीस मिनिटं काही नाही. छोट्या म्हणजे आमचे साहेब. वय चोपन्न, डोक्यावर शपथेला केस नाही. मग ताई म्हणायची, "दोरा कच्चा आलाय मेला." साहेब म्हणायचे, "हं." आणि एक वाजला की, "जेवून घे आता." कॉल चालू ठेवून ती तिकडे जेवायची, हे इकडे.

पहिल्याच आठवड्यात मी तोंड उघडलं. "साहेब, बोलायचं नाही तर फोन कशाला?"

"आम्ही लहानपणापासून असेच. ती तिचं काम करते, मी माझं."

"मग जात का नाही कधी तिच्याकडे?"

"रोज तर भेटतो," ते म्हणाले. नऊ वर्षांत चार वेळा गेले, चारही वेळा मीच नेलं.

खोटं कशाला बोलू, मलाही त्या आवाजाची सवय झाली. साहेब खटखटीवर एक गाणं गुणगुणत. गेली नऊ वर्षं तेच गाणं, आणि नऊ वर्षांत सुराशी त्याची गाठ पडली नाही. मध्येच ताई म्हणायची, "गाडीवाले भाऊ, खड्डे बघून चालवा जरा, इथपर्यंत दणका बसतोय." माझ्या गाडी चालवण्याची दखल घेणारं त्या अख्ख्या कंपनीत दुसरं कुणी नव्हतं.

मग नवं जाळं आलं, अतिवेगाचं. टॉवरवरची जुनी खोकी उतरली, नवी चढली. भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अख्खा सिनेमा फोनवर. चाचणीसाठी दोन्ही टोकांना नवे फोन हवे होते. ताईचा फोन साहेबांनी कुरिअरने पाठवला. मी म्हटलं, "दोन तासांचा तर रस्ता, आपणच देऊन येऊ." म्हणाले, "कशाला? उद्या पोचतो की." मी गप्प बसलो. अजून त्याचा राग येतो, त्यांचा आणि माझाही.

पहिल्या दिवशी ताई बोलली आणि मी दचकून मागची सीट बघितली. आवाज इतका स्वच्छ. ती म्हणाली, "बाह्या घेतेय आज," आणि मशीनवर बसली. मग गाडीत काहीच ऐकू येईना.

"ताई, मशीन बंद का गं?"

"चालूच आहे की! बहिरा झालास का?"

साहेबांनी फोन उलटासुलटा केला, बटणं दाबून पाहिली. संध्याकाळी ऑफिसातल्या इंजिनिअर बाईंना विचारलं. त्या समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "नवा फोन तोंडाजवळचं बोलणं तेवढं ठेवतो. बाकीचा गोंगाट गाळून टाकतो. लांबून येणारा आवाजसुद्धा."

"मशीनचा आवाज म्हणजे गोंगाट?"

"मग काय?" बाई हसल्या. साहेब हसले नाहीत.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी हजेरी सुरू झाली. "ताई, आहेस ना?" ती फोनजवळ वाकून म्हणायची, "आहे रे, मरते की काय!" पहिला दिवस गंमत झाली. आठवड्याने ती वैतागली. प्रत्येक हजेरीला तिचा पाय थांबायचा, टाका वाकडा जायचा. एक दिवस तिने ठणकावलं, "हे बघ छोट्या, शाळा उघडायला आठ दिवस राहिलेत आणि माझे साठ शर्ट बाकी आहेत. सारखं विचारू नकोस. कॉल चालू आहे ना? मग मी आहे असं समज."

साहेबांना ते पटलं. नऊ वर्षं शेजारी बसून मला या धंद्याची जी काही अक्कल आली, तिच्याप्रमाणे मलाही पटलं. कॉल चालू म्हणजे माणूस आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आमचा रस्ता नव्या वसाहतीतून होता. साडेनऊला ताई म्हणाली, "कॉलर," आणि गप्प झाली. त्या दिवशी नकाशावर नुसती हिरवळ. पुलाखाली हिरवं, तळघराच्या तोंडाशी हिरवं. साहेब खुशीत होते, कानावरचा माइक तोंडाशी ओढून गात होते. एका रिक्षावाल्याने आडवी घातली, त्याला मी साहेबांच्या अंगावरून खिडकीकडे वाकून एक सणसणीत शिवी हासडली. अकरा वाजले, बारा वाजले. एकदा त्यांनी विचारायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नको. ओरडेल."

एक वाजला. साहेबांनी डबा मांडीवर घेतला, उघडला नाही. ती "जेवून घे" म्हटल्याशिवाय ते उघडत नसत. सव्वा झाला.

"ताई, जेवायचं ना?"

काही नाही. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या. कॉल चालू, तीन तास त्रेचाळीस मिनिटं.

"ताई! ए ताई!"

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, "कापा आणि पुन्हा लावा."

"कापायचा नाही." हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझा फोन हिसकावून घेतला, वहीच्या शेवटच्या पानावरून ताईच्या खालच्या इस्त्रीवाल्याचा नंबर लावला. तो वर धावला. आम्ही दोन नंबरच्या फोनकडे बघत बसलो. दार फोडल्याचा आवाज आला नाही. तो गोंगाट. एकदम अगदी जवळून इस्त्रीवाला बोलला, "साहेब, जिवंत आहे! आतल्या खोलीत पडलीय. हलता येत नाहीये."

दोन तासांचा रस्ता मी सव्वा तासात काढला.  साहेबांच्या मांडीवर डबा वाटभर तसाच होता.

ताई दवाखान्यात होती. खुब्याचं हाड मोडलेलं. दहाच्या सुमाराला आतल्या खोलीत स्टुलावर चढून कापडाचा गठ्ठा काढत होती, स्टूल सरकलं. चेहरा पांढरा पडला होता आणि घसा पार बसला होता. साहेब कॉटपाशी उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि त्या बसलेल्या घशाने म्हणाली, "तीन तास हाका मारतेय तुला. तू आपला गातोयस."

"ऐकू नाही आलं गं."

"मला तुझं सगळं ऐकू येत होतं. अगदी स्पष्ट. भाऊंनी कुणाला शिवी दिली, तीसुद्धा."

मी खाली बघितलं.  मग ती जे म्हणाली ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तू घरातच आहेस. पलीकडच्या खोलीत बसलायस. म्हणून कधी एकटं वाटलं नाही रे. पडले तेव्हा कळलं, घरात कुणी नाही."

साहेब तिथे रडले नाहीत. खाली आले, गाडीत बसले, दार लावून घेतलं आणि मग रडले. मी बाहेर उभा राहिलो. काय करणार?

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. कव्हरेज: पूर्ण. कॉल तुटला: शून्य वेळा. आवाज: उत्तम. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो कुणी भरत नाही. साहेबांनी भरला. 'दुसऱ्या टोकाला बाई पडली होती. हाका मारत होती. आल्या नाहीत.' चार दिवसांनी अहवाल परत आला. वर लिहिलं होतं, विषयाशी संबंध नाही, काढून टाकावे. साहेबांनी काढायला नकार दिला. तेव्हा ऑफिसातच कुणीतरी काढलं आणि वसाहत नकाशावर हिरवी झाली. तसं बघितलं तर अहवालात खोटं काहीच नव्हतं.

ताईने फोन इस्त्रीवाल्याच्या हाती परत पाठवला. रागाने नव्हे. म्हणाली, "आता तू घरात आहेस असं वाटणं जमायचं नाही." सोमवार ते शनिवार आमच्या गाडीत आता यंत्राचं टूंऽऽ असतं. साहेब गात नाहीत. कधीकधी दहा मिनिटं झाली की त्यांचे ओठ हलतात, मग त्यांच्या लक्षात येतं आणि ते खिडकीबाहेर बघतात. त्यांना बोलतं करावं म्हणून मी आपलं काहीबाही बोलतो. ते "हं" म्हणतात. नऊ वर्षं मी हाताच्या अंतरावर बसलोय, पण माझी सवय त्यांना नाही.

रविवारी मात्र ते जातात. बसने जातो म्हणाले, मीच ऐकलं नाही. तीन महिन्यांनी ताई काठी घेऊन घरात फिरायला लागली. पायाचं मशीन तिला चालवता येईना, म्हणून मशीनला हाताची मूठ बसवून घेतली होती. त्या रविवारी साहेब तिच्यासमोर खुर्चीवर बसले आणि दोघांनाही काही सुचेना.

"पाणी देऊ?"

"नको. तू बस."

"बसलेलीच आहे."

 साहेब कधी स्वतःच्या नखांकडे बघत, कधी तिच्या काठीकडे. शेवटी ताई म्हणाली, "छोट्या, असा तोंडासमोर बसू नकोस रे. माझा हातच चालत नाही. तू आतल्या खोलीत जाऊन बस."

साहेब उठून आत गेले. मी मधल्या उंबऱ्याशी बसलो होतो. ताईने मूठ धरली आणि खटखट सुरू झाली, कितीतरी महिन्यांनी. पूर्वीपेक्षा हळू. थोड्या वेळाने आतून ते गाणं यायला लागलं, तेच, तसंच बेसूर. ताईने मान वर केली नाही, पण तिचा हात जरा वेगाने फिरायला लागला.

मध्येच खटखट थांबली. त्याच क्षणी गाणं थांबलं आणि साहेब दारात.

"काय झालं?"

"दोरा संपला रे. जा, बस."

साहेब गेले नाहीत. तिने नवा दोरा घेतला, चष्मा सारखा केला, दोनदा सुई चुकली, तिसऱ्यांदा ओवली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा ते आत गेले.