पुलियाखालचे दोन ठोके

सुरुवातीलाच सांगून टाकतो — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवतो. अंगात येणं, लिंबू ओलांडल्यानं ताप येणं, पिंपळावरची हडळ... या सगळ्यावर वर्गात इतका बोललो आहे की पोरं मागून मला 'पुरावा सर' म्हणतात. इथले अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा मी 'उंदीर असेल' म्हणून पुढे जातो. तेव्हा माझा अनुभव वाचून तुम्ही तसंच म्हणालात तर राग नाही. मीही उंदरापासूनच सुरुवात केली होती.

साल २००८. नवेगाव बांधहून सडक अर्जुनीकडे येताना लागणारं आमचं गाव. नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत आणि मीही. आदल्या वर्षी मी रस्त्यालगत घर बांधलं. घर आणि डांबरी रस्ता यांच्या मधून नाली जाते. गावामागच्या तलावातून सुटणारं आणि वरच्या बांध्यांमधून — म्हणजे धानाच्या शेतांमधून — उतरणारं सगळं पाणी तिच्यातूनच खाली जातं. गाडी अंगणात न्यायची तर नालीवर छोटी पुलिया हवी. गवंडी म्हणाला, स्लॅब टाका. मी म्हणालो, पाईप. अडीच फूट व्यासाचे सिमेंटचे तीन लांब पाईप एकापुढे एक, वरून काँक्रीट. चांगली चोवीस फूट रुंद पुलिया झाली. माझ्याकडे तेव्हा एक मोटरसायकल होती, पण हौसेला मोल नसतं.

शेजारच्या देवाजी काकाजींनी तेव्हाच सांगितलं होतं, "मास्तर, पाण्याले निजवून नेऊन राहिले तुमी. त्याले उभ्यानं जाऊ द्या."

मी हसण्यावारी नेलं. काकाजी ऐंशीच्या घरातले, एकटेच राहत. घर मातीच्या भिंतींचं, नालीच्या वरच्या अंगाला. जातीनं कोहळी. आमच्या भागातले तलाव याच लोकांनी बांधले, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. काकाजी तरुणपणी गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ जाईल, ते पाणकर ठरवतो. पुढे त्यांनी ते काम सोडलं. का सोडलं ते मला ठाऊक नव्हतं. मी तिरोड्याकडचा, गावात नवा, आणि मी कधी विचारलंही नाही.

पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते. दोन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर नालीचं पाणी पुलियाच्या वरच्या अंगाला तुंबून काकाजींच्या अंगणात शिरलेलं. मातीच्या भिंतीला वीतभर पाणी लागलेलं. अशी भिंत पाणी पीत राहिली की दुपारपर्यंत बसते, हे सांगायला विज्ञान लागत नाही. आमच्याकडे चला म्हटलं तर काकाजी हलायला तयार नव्हते. उंच ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसून होते, नुसते पाण्याकडे बघत. पुलिया माझी, घर त्यांचं. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

माझा साळा सुनील पोळ्याला आला होता. गोंदिया शहरातला, अंगानं काडी, जिभेनं अर्धा हिंदी.

"जिजाजी, जेसीबीवाला शाम तक नहीं आनेवाला," तो म्हणाला. "मी घुसतो ना. पाईप अडीच फुटाचा आहे, मी दीड फुटाचा."

पुलियाचं खालच्या अंगाचं तोंड मोकळं होतं, नुसतं झिरपत होतं. म्हणजे एका बाजूला छातीभर पाणी, दुसऱ्या बाजूला रिकामा पाईप आणि मध्ये चिखल-काडीकचऱ्याचं बूच. पाण्याच्या दाबाचं हेच चित्र मी दरवर्षी आठवीच्या फळ्यावर काढतो. आणि बायकोचा एकुलता एक भाऊ त्या बुचासमोर आडवा व्हायला निघाला, तेव्हा मी त्याच्या हातात टॉर्च दिली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"दोरी बांधा त्याच्या पायाले," काकाजी ओट्यावरून बोलले.

"चोवीस फूट तर आहे काकाजी. दोरी कशाला?"

"मंग ठोका तरी. वरच्यानं तीन ठोकाचे, अंदरच्यानं दोन. जवाब नाही आला का घुसाचं आन वढून काढाचं. तुडुमात आमी असंच करत होतो." तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीखालून, मातीच्या बांधाखालून, शेतात पाणी सोडायची जुनी दगडी मोरी, ती साफ करायला माणूस आत सरपटत जाई. "आन वरच्यानं जागा सोडाची नाही, मास्तर. काही झालं तरी सोडाची नाही."

"मग तुम्हीच ठोका ना. तुम्हाला सवय आहे."

"मी नाही ठोकत." एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. सुनील खुरपं आणि घमेलं घेऊन खालच्या तोंडातून आत गेला. मी पुलियावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन उभा. काँक्रीटवर तीन ठोके दिले. खालून खुरप्याच्या दांड्याचे दोन आले... ठक, ठक. मला गंमत वाटली. मधल्या वेळात मी वरच्या अंगाला वाकून दाताळ्यानं बेशरमाची झुडपं ओढत होतो. दोन-तीन मिनिटं झाली की सब्बल घेऊन तीन ठोके. खालून दोन. ओढायचं, ठोकायचं, ऐकायचं. पाऊस पुन्हा धरला. रस्त्यानं ट्रक गेला की काही ऐकू येत नसे, मग तो जाईपर्यंत थांबून पुन्हा ठोकायचं.

असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही. वीस मिनिटं, पंचवीस. एकदा मी तीन ठोके दिले आणि जवाब आला तो अगदी माझ्या पायाखालून, पुलियाच्या मधोमध. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा बराच आत पोचला. पण मधोमध पोचला म्हणजे पाणी आणि त्याच्यात आता फार काही उरलं नव्हतं.

"सुनील, बस झालं, बाहेर ये," मी ओरडलो.

"आलो, आलो... क्या हुआ?"

आवाज मागून आला. माझ्या घराच्या फाटकातून. वळून बघतो तर सुनील — कोरडा शर्ट घातलेला, एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात टॉर्च.

"तू कधी निघालास?"

"कवाचाच. टॉर्चचे सेल गेले. मैंने आवाज दिया आपको, ट्रक होता म्हणून ऐकू नाही आलं असेल. ताईले सांगून दुकानात गेलो. ये देखो, नवे सेल."

मी पायाखालच्या काँक्रीटकडे बघत राहिलो. सुनील हसत होता, त्याला वाटलं मी रागावलो. चहा संपवून त्यानं कप फाटकाच्या खांबावर ठेवला. "चला, जातो परत. थोडंच राहिलं आहे, आरपार होऊन जाईल."

"थांब," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, सब्बल उचलून पुन्हा तीन ठोके दिले.

ठक. ठक.

सुनीलनं आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "जिजाजी, मजाक मत करो," तो हळूच म्हणाला. मग खाली उतरून पाईपच्या तोंडाशी वाकला, टॉर्च आत मारली. "कोणी नाही आत. दहा फुटांवर तर चिखलच आहे, पूरा पॅक." मी त्याला दंडाला धरून वर ओढलं. जोरात ओढलं, त्याचा शर्ट फाटला.

तेवढ्यात पाण्यात पावलं वाजली. देवाजी काकाजी ओटा उतरून पोटरीभर पाण्यातून येत होते. ज्या माणसाला सकाळपासून आम्ही उठवू शकलो नव्हतो, तो काठीशिवाय चालत आला.

"हा पोरगा फाटकातून गेला तवापासून मी मोजून राहिलो, मास्तर," ते म्हणाले. "चार डाव ठोकलं तुमी. चारी डाव जवाब आला. मले वाटलं माह्यं डोस्कं फिरलं."

त्यांनी माझ्या हातातली सब्बल घेतली. ठोके मोजून-मापून पडले. एक, दोन, तीन. आणि मंडळी, खरं सांगतो, तोवर जे ऐकलं ते मला झटकून टाकता आलं असतं. यावेळी जवाब लगेच आला. कोणी वाट बघत बसल्यागत आला. दोन ठोके, आणि माझ्या चपलेच्या तळव्याला ते जाणवले.

काकाजी खाली बसले. ओल्या काँक्रीटवर तळहात ठेवला. पाऊस तोंडावरून वाहत होता म्हणून रडत होते की नाही ते मला कळलं नाही.

"सोमा," ते म्हणाले. "निघ आता. मी वरतंच हावो. कोठीच नाही गेलो."

त्यानंतर किती वेळ गेला... एक मिनिट असेल, कमीही असेल. पायाखाली घरघर झाली, पुलिया हादरली आणि खालच्या तोंडातून सगळं बूच एकदम बाहेर फेकलं गेलं. चिखल, तणस, बेशरमाची मुळं, सिमेंटचं एक जुनं पोतं, आणि मागून पाणी. सुनील ज्या जागी दोन मिनिटांपूर्वी वाकला होता तिथला नालीचा काठ पाण्यानं कापून नेला. त्याचं घमेलं आम्हाला पुढे दोन शेतं सोडून सापडलं, मधोमध दुमडलेलं.

माझी बायको आवाज ऐकून धावत आली आणि तिनं सुनीलला काही न विचारता एक थोबाडीत दिली. दुसरी माझ्या वाट्याची होती, ती तिनं नजरेनं दिली.

तासाभरात काकाजींचं अंगण रिकामं झालं. भिंत वाचली. संध्याकाळी त्यांना आमच्याकडे बसवून बायकोनं चहा दिला, तेव्हा त्यांनी सांगितलं. सोमा त्यांचा धाकटा भाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वी तुडूम साफ करायला सोमा आत गेला, हे पाळीवर ठोकायला बसले.

"दोनदा जवाब देल्लन त्यानं. तेवढ्यात खालच्या बांधीत पाण्याच्या पाळीवरून दोघं भांडून राहिले होते. मी पाणकर. काऊन नाही जायचं? गेलो सोडवाले. भांडण मिटलं. येऊन ठोकलं तं जवाबच नाही." चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "लय ठोकलं मंग. दिवसभर ठोकलं."

पाणकी त्यांनी त्याच दिवशी सोडली होती.

आता माझी बाजू. मी विज्ञानाचा मास्तर आहे, गप्प बसणारा नाही. उंदीर, बेडूक, चिखलात अडकलेला दगड, बुचातून सुटणारी हवा, माझ्याच ठोक्याचा प्रतिध्वनी... सगळं तपासून पाहिलं. पाणी ओसरल्यावर त्याच पाईपमध्ये दगड टाकून, पोतं कोंबून ठोकून बघितलं. प्रतिध्वनी तीनला तीनच येतो, दोन येत नाही. हवेचे आवाज येतात, पण ते मी ठोकण्याची वाट बघत नाहीत. आणि ज्याची सगळ्यांत जास्त चुटपुट लागते ते हे, की त्या दिवशी मला एकदाही चार ठोके देऊन बघायचं सुचलं नाही. पोरांना शिकवतो — एक गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा. स्वतःवर वेळ आली तेव्हा अक्कल गहाण पडली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी पाईप काढून स्लॅबची पुलिया केली. पाणी आता उभ्यानं जातं. ती साफ करायला आत शिरावं लागत नाही. तरी दर पावसाळ्यात मी फावडं घेऊन उतरलो की काकाजी येऊन पुलियावर बसत आणि मी वर येईपर्यंत उठत नसत. चहाला हाक मारली तरी नाही.

दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. डोळे मिटलेले. उजवा हात खाटेच्या लाकडी पाटीवर होता. बोटाच्या पेरानं त्यांनी पाटीवर ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबले. थोड्या वेळानं पुन्हा तीन. चेहऱ्यावर अशी काळजी दाटली होती की मला बघवेना.

मी हात पुढे केला आणि पाटीवर दोन ठोके दिले.

त्यांचा हात सैल पडला. पुन्हा त्यांनी ठोकलं नाही. सकाळी गेले.

तुमच्यापैकी कोणाला त्या पावसातल्या आवाजाचं कारण सुचलं, तर जरूर लिहा. उंदीर सोडून काहीही चालेल. खाटेवरचे ते दोन ठोके माझे होते, एवढं मला नक्की माहीत आहे. पुलियातले कोणाचे होते, ते आजही माहीत नाही.